सुट्टीचे घर मोबाईलवरून ठरवताना



गळीत हंगाम उरकला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, खोडव्याचे बुडखे छाटून खताचा पहिला हप्ता पडला, की चार दिवस घराबाहेर पडावे असे कुणालाही वाटते. पूर्वी आपली सहल म्हणजे देवदर्शन. मुक्काम धर्मशाळेत, नाहीतर पाहुण्याकडे. आता घरातली मुले आणि सुना म्हणतात, समुद्र बघायचा. शिवाय लॉजच्या चार खोल्या चार मजल्यांवर घेण्यापेक्षा दोन-तीन दिवसांकरिता अख्खे घरच भाड्याने घ्यावे, म्हणजे आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळे एका छपराखाली राहतील. कल्पना चांगली आहे, व माणशी खर्चही पुष्कळदा कमीच येतो. मात्र हे घर आता मोबाईलवरूनच ठरवायचे असते, आणि अडचण तिथून सुरू होते.

ऊस नोंदीसाठी गट ऑफिसला आलेल्या बऱ्याच सभासदांनी याबद्दल विचारले, म्हणून हा लेख. शेतकी खात्याच्या माणसाने लागण, पाणी, हुमणी यांविषयी लिहावे हे खरे. परंतु न पाहिलेल्या माणसाला न पाहिलेल्या वस्तूसाठी आगाऊ पैसे द्यायचे, हा व्यवहार ऊस उत्पादकाला नवा नाही. मुकादमाला दिलेली उचल आठवा. मुकादम उचल घेतो, दसऱ्याला टोळी आणतो म्हणतो. टोळी आली तर ठीक. नाही आली तर वाहतूकदार मुकादमाचे गाव शोधत फिरतो आणि तुमचा ऊस तुऱ्यावर येतो. सुट्टीच्या घराचेही तसेच समजा. पैसे कुणाच्या हातात जातात आणि ते त्याला केव्हा मिळतात, एवढे ज्याने पाहिले तो सहसा फसत नाही.

मधल्या कंपनीचे काम

अशी घरे दाखवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. एअरबीएनबी ही अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ साली तिघा तरुणांनी सुरू केलेली. बुकिंग डॉट कॉम नेदरलँड्समधली, १९९६ ची. आपल्याकडील मेकमायट्रिप २००० सालची. यांच्यापैकी कुणाचेही स्वतःचे घर तिथे नसते. घरमालक आपल्या घराचे फोटो, भाडे व नियम त्यांच्याकडे नोंदवतो, आपण मोबाईलवर ते बघतो आणि ठरवतो. कंपनी दोघांच्या मध्ये बसते व त्याचा आकार घेते.

पुष्कळ सभासद म्हणतात, हा मधला आकार कशाला द्यायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्या आकारात काय मिळते ते बघा. एअरबीएनबीवर आपण भरलेले पैसे घरमालकाला लगेच मिळत नाहीत. ते कंपनीकडे राहतात आणि पाहुणा घरात उतरल्यावर साधारण चोवीस तासांनी मालकाकडे सोडले जातात. म्हणजे गाडी काट्यावर आली, वजन झाले, पावती निघाली, मग बिल. घर दाखवल्याप्रमाणे नसेल, किल्लीच मिळाली नाही, तर त्या मुदतीत आपण तक्रार करू शकतो. बुकिंग डॉट कॉमवर बऱ्याच घरांना पैसे तिथे पोचल्यावरच द्यायचे असतात. कोणत्या घराला कोणता नियम, हे त्या घराच्या पानावर लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता नीट ध्यानात घ्या. हे सर्व संरक्षण पैसे त्या अ‍ॅपमधूनच भरले तर. मालकाने किंवा मालक म्हणवणाऱ्या कुणी निरोप पाठवला की "साहेब, कंपनी फार पैसे कापते, तुम्ही माझ्या नंबरवर टाका, हजार रुपये कमी करतो", तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. कंपनीच्या नियमाविरुद्ध तर ते आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे बाहेर गेले की कंपनी हात वर करते आणि तिचे चुकत नाही. एकदा बाहेरून पैसे टाकले की आपण पुन्हा उचलीच्या व्यवहारात आलो.

खाते उघडणे कठीण नाही. मोबाईल नंबर, त्यावर येणारा ओटीपी, नाव, काही ठिकाणी ओळखपत्राचा फोटो. घरातल्या मुलाने किंवा सुनेने करून दिले तरी चालेल, पण पैसे भरण्याच्या वेळी कर्त्या माणसाने शेजारी बसावे. ऊस नोंदीचा फॉर्म आपण चिटबॉयच्या भरवशावर सोडत नाही, गट नंबर व लागणीची तारीख स्वतः वाचून बघतो, तसेच हेही. बुकिंग दोन प्रकारचे असते. काही घरे पैसे भरताच पक्की होतात. काहींना आधी विनंती जाते आणि मालकाने होकार दिला तरच पक्के. एअरबीएनबीवर त्याला उत्तरासाठी चोवीस तास असतात. विनंती गेली म्हणजे घर मिळाले, असे समजून कुणी गाडी सांगून ठेवू नये.

भाड्याचा खरा आकडा

पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसते ते एका रात्रीचे भाडे. आपले लोक तोच आकडा धरून चालतात आणि शेवटी बेरीज बघून चिडतात. उदाहरण घेऊ. दहा माणसे, दोन रात्री. पहिल्या घराचे भाडे रात्रीला ४,५०० रुपये, पण ते सहा माणसांचे. वरच्या चार माणसांना माणशी रात्रीला ५०० रुपये. साफसफाईचे ८०० रुपये. दुसऱ्या घराचे भाडे ६,५०० रुपये, दहा माणसे धरून, वेगळे काही नाही. पहिल्याचे झाले ९,००० अधिक ४,००० अधिक ८००, म्हणजे १३,८०० रुपये. दुसऱ्याचे १३,००० रुपये. स्वस्त दिसणारे घर महाग पडले. म्हणून सुरुवातीलाच माणसांचा खरा आकडा घालून शोधावे, लेकरांसकट. "सहाच सांगू, तिथे गेल्यावर कोण मोजतंय" हा विचार काही जणांच्या मनात येतो. मालक मोजतो. तिथे रात्री वाद घालण्यापेक्षा इथे दहा लिहिलेले बरे.

या बेरजेवर कंपनीचा आकार आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के असा दर आहे. आठ-दहा हजारांचा अख्खा बंगला घेताना हा फरक खिशाला कळतो. तरी पैसे भरण्यापूर्वीचे शेवटचे पान, ज्यावर एकूण रक्कम असते, तेच खरे धरावे व त्याचा फोटो काढून ठेवावा.

रद्द करण्याचा नियमही त्याच पानावर असतो आणि तो आपल्या धंद्यात विशेष महत्त्वाचा. घरी कुणी आजारी पडले, मोटर जळाली, अवकाळी आला, तर आपल्याला निघता येत नाही. एअरबीएनबीवर लवचिक नियम असलेल्या घराला पोचण्याच्या चोवीस तास आधीपर्यंत रद्द केले तर पूर्ण पैसे परत मिळतात. मध्यम नियमाला पाच दिवस आधीपर्यंत. काही घरांचे नियम याहून कडक असतात, एक महिना आधी सांगावे लागते. दोन घरे सारखीच आवडली तर शेतकऱ्याने लवचिक नियमाचे घ्यावे, पाचशे रुपये जास्त पडले तरी, असे माझे मत आहे.

नकाशा, फोटो आणि लोकांचे अभिप्राय

घराचा नेमका पत्ता एअरबीएनबीवर बुकिंग पक्के होईपर्यंत दाखवत नाहीत, नकाशावर अंदाजे जागा दिसते. कोकणात इथेच घोटाळा होतो. देशावर दोन गावे नकाशात जवळ दिसली म्हणजे ती जवळच असतात, मधे फार तर ओढा. कोकणात मधे खाडी असते. दाभोळ आणि गुहागरकडचे धोपावे ही गावे नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मधे वाशिष्ठीची खाडी आहे आणि गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे न्यावी लागते. बोट चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा. हरिहरेश्वरकडून बाणकोट-वेळासकडे जाताना बागमांडला-वेश्वी आणि जयगडची खाडी ओलांडताना जयगड-तवसाळ, इथेही बोटच. म्हणून "समुद्रापासून जवळ", "गणपतीपुळ्याजवळ" अशी भाषा वाचून खूश होऊ नये. मालकाला अ‍ॅपमधूनच लिहून विचारावे : चालत किती मिनिटे? गाडी दारापर्यंत येते का? मधे बोट आहे का, आणि असल्यास शेवटची बोट किती वाजता? उत्तर लेखी मिळते आणि पुढे तक्रारीला उपयोगी पडते.

तारकर्ली-देवबागला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी आहे. घर समुद्राकडे तोंड करून आहे की नदीकडे, हे विचारावे. लेकरे लहान असतील तर नदीकडचे शांत पडते, असे मला वाटते. आणि मे महिना संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ पावसाळ्याकरिता बंद होतात. घर त्या दिवसांत स्वस्त मिळते, ते यामुळेच.

फोटोंबद्दल इतकेच सांगतो की रुंद काचेच्या कॅमेऱ्याने दहा बाय दहाची खोलीसुद्धा सभागृहासारखी दिसते. खोलीत पलंग किती, गाद्या किती, संडास किती व कोणत्या पद्धतीचे, पायऱ्या किती, हे मोजून घ्यावे. गुडघे धरलेली आजी बरोबर असेल तर वरच्या मजल्यावरचे घर कितीही देखणे असले तरी नको. दिवे गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, पाणी टँकरचे की विहिरीचे, गाडी लावायला जागा आहे का, स्वयंपाक आपण करायचा की घरगुती जेवण मिळते, हेही विचारावे. मासे न खाणाऱ्या माणसांची सोय आधी सांगितली तर होते, रात्री नऊ वाजता सांगितली तर होत नाही.

पूर्वीच्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय मात्र निवांत वाचावेत. तारे किती आहेत एवढेच बघू नये. आधी सर्वांत वाईट अभिप्राय वाचावेत, मग सर्वांत अलीकडचे. एकाने पाणी कमी म्हटले तर ते त्याचे नशीब, चौघांनी म्हटले तर पाणी कमीच आहे. उन्हाळ्यात जायचे असेल तर मागच्या एप्रिल-मे मधले अभिप्राय हुडकावेत, डिसेंबरच्या थंडीतले कौतुक मे महिन्यात कामाचे नाही. बियाणे प्लॉट आपण बांधावरून बघत नाही, आत शिरून डोळे व कांड्या बघतो. इथेही तेवढा वेळ द्यावा. ज्या घराला एकही अभिप्राय नाही ते वाईटच असते असे नाही, सगळीच घरे कधीतरी नवी असतात, पण पहिल्याच वेळी आपण तो प्रयोग करू नये.

फोनवरून थेट ठरवायचे झाल्यास

कोकणातले कित्येक चांगले घरगुती मुक्काम कुठल्याही अ‍ॅपवर नाहीत. दोन खोल्या, अंगण, घरच्या बाईच्या हातचे जेवण, असा त्यांचा संसार. कंपनीचा आकार त्यांना परवडत नाही. ते सगळे फसवे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथे थेट फोनवरच ठरवावे लागते. मात्र तो फोन नंबर कुठून आला, यावर सर्व अवलंबून आहे. तिथे राहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून आलेला नंबर उत्तम. शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत अथवा कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंद असेल तर तेही बरे. गोव्यात तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुणे ठेवणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक बेलाशक विचारावा. खरा धंदेवाला रागावत नाही.

गूगलवर शोधताना वर आलेला नंबर, इन्स्टाग्रामवरचा देखणा बंगला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जाहिरात, यांवर मात्र विश्वास नको. आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या बाबतीत घडले ते नाव न घेता सांगतो. मालवणजवळचे घर, फोटो झकास, भाडे निम्मे. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. आधी पाच हजार आगाऊ घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जीएसटीची अनामत सहा हजार भरा, आल्यावर परत देतो. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ती रक्कम अडकली आहे, अजून सात हजार भरले की सगळी एकदम सुटेल. सभासदाने भरले. एकूण अठरा हजार. रात्री साडेनऊला अकरा माणसे घराच्या दारात. घर खरे होते, फोटोही त्याच घराचे. मालक दारात आले, त्यांना या बुकिंगचा पत्ताच नव्हता. त्यांचे फोटो उचलून तिसऱ्यानेच धंदा मांडला होता. म्हातारी आई गाडीत बसून, लेकरे झोपेला आलेली. त्या मालकांनीच शेजारच्या घरी दोन खोल्यांची सोय लावून दिली हे त्यांचे उपकार.

ही एकट्या-दुकट्याची गोष्ट नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू व पर्यटकांना जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची विश्रामगृहे, सोमनाथची निवासव्यवस्था यांच्या नावाने खोट्या वेबसाईट व जाहिराती काढून पैसे उकळले जातात असे त्यात म्हटले होते. तेव्हा देवस्थानच्या भक्तनिवासाची खोलीही संस्थानच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच घ्यावी.

थेट व्यवहारात मी सभासदांना असे सांगतो. व्हिडिओ कॉल करून घर, अंगण व दारासमोरचा रस्ता दाखवायला सांगावे. सबब सांगितली तर सोडून द्यावे. आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नये. यूपीआयने पाठवताना पिन घालण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते, ते मालकाच्या नावाशी जुळते का बघावे. मालक मालवणचे आणि खाते भलत्याच नावाचे असेल तर थांबावे. एकदा आगाऊ दिल्यावर अनामत, कर, विमा अशा कोणत्याही नावाने दुसरी मागणी आली की समजावे. "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा व पिन टाका" असे कुणी म्हणाले तर तो चोरच. पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी लागत नाही. कुणी पाठवलेली अ‍ॅपची फाईल मोबाईलवर चढवू नये, मग ती कुणाच्याही नावाने येवो. आधार कार्डाची प्रत मागतील, ओळखपत्र देणे योग्यच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे झाल्यास ज्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते झाकलेले आधार पाठवावे. आधारच्या वेबसाईटवरून ते मोफत निघते.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन लावावा. तिथून बँकांना निरोप जातो आणि रक्कम पुढे काढली गेली नसेल तर ती अडवता येते. एक-दोन तासांत केलेल्या फोनला जी किंमत आहे ती दुसऱ्या दिवशीच्या फोनला नाही. आपल्या बँकेलाही कळवावे, व्यवहाराचा क्रमांक, संभाषण आणि तो फोन नंबर जपून ठेवावा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाईटवर अथवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. वरच्या प्रकरणात सभासदाने चार दिवसांनी सांगितले, तोवर खाते रिकामे झाले होते.

घरात पोचल्यावर

घराची वेळ दुपारी एक-दोननंतरची असते आणि सोडायची सकाळी दहा-अकराची. आपण पहाटे चारला निघून नऊला दारात उभे राहतो आणि मग मालकावर रागावतो. लवकर येणार असल्यास दोन दिवस आधी विचारावे. मोकळे असेल तर बहुतेक जण देतात.

सामान उतरवण्याआधी घर एकदा फिरून बघावे. नळ, संडास, पंखे, गाद्या. आधीच फुटलेली काच, मोडलेली खुर्ची दिसली तर फोटो काढून अ‍ॅपमधून मालकाला पाठवावा, म्हणजे जाताना ती आपल्या नावावर पडत नाही. दाखवलेले आणि असलेले यात मोठा फरक असेल तर पहिल्यांदा मालकाला सांगावे, त्याने दुरुस्त केले नाही तर कंपनीला. एअरबीएनबीवर ही तक्रार अडचण दिसल्यापासून ७२ तासांच्या आत करावी लागते. दोन रात्री राहून, जेवून, परत येऊन आठ दिवसांनी केलेल्या तक्रारीचे कुणी ऐकत नाही.

परत आल्यावर अभिप्राय लिहिण्यास एअरबीएनबीवर चौदा दिवस मिळतात. मालकही आपल्याबद्दल लिहितो. दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ते दिसतात, त्यामुळे भिडेचे कारण नाही. मराठीत लिहिले तरी चालते. पाणी आठ वाजता गेले, जेवण चांगले होते, आजीला पायऱ्या जड गेल्या, असे साधे लिहावे. पुढच्या वर्षी आपल्यासारखेच कुणीतरी दहा माणसे घेऊन तेच घर बघत असेल.